भरीत पार्टीत कॉन्सर्ट फिल्म: आवाज, वीज, पडदा आणि वेळ

भरीत पार्टीला कॉन्सर्ट फिल्म, म्हणजे स्टेजवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण, दाखवायची ठरली की पहिली चौकशी होते ती प्रोजेक्टरची. खरं तर आधी आवाजाचं बघावं. पडदा थोडा मळका, चित्र थोडं फिकं असलं तरी माणसं सव्वादोन तास बसतात. आवाज फाटला की मात्र तिसऱ्या गाण्याला मोबाईल बाहेर निघतात. दहा रुपये खर्चायचे असतील तर सात आवाजावर, दोन विजेवर आणि उरलेला एक पडद्यावर घाला.

उदाहरणासाठी रॉजर वॉटर्सची ‘अस + देम’ घेऊ. वॉटर्स १९४३ चा जन्मलेला, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा बास गिटारवादक आणि गीतकार. २०१७-१८ च्या त्याच्या जगदौऱ्यातलं हे चित्रीकरण जून २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमला झालं आणि फिल्म ऑक्टोबर २०१९ मध्ये जगभरच्या थिएटरांत लागली. दुसऱ्या कुठल्या ज्येष्ठ रॉकवाल्याची फिल्म लावणार असाल तरी पुढची बहुतेक कामं तीच राहतात.

अशा फिल्म थिएटरला एक-दोन दिवसच असतात, त्याही बहुधा मोठ्या शहरांत. जळगाव-धुळ्याच्या माणसाला नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांना ताप्ती मार्गानं सुरत सोयीचं पडतं. बुकिंग उघडल्या दिवशीच तिकीट काढा आणि शो सुटल्यावर परतीची गाडी आहे का ते आधी बघा. हे जमत नसेल तर घरची डिस्क आणि घरचीच माणसं. डिस्क विकत घेतली म्हणजे ती जाहीर दाखवायचा हक्क मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. तिकीट लावणार, चौकात फ्लेक्स लावणार, मंडळाचा कार्यक्रम करणार, तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. म्हणून इथं धरलंय ते शेतावर, खळ्यात किंवा गच्चीवर जमलेलं तीस-चाळीस नातेवाईक-मित्रांचं बोलावणं.

दिवस आणि वेळ

हिवाळा. दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊपर्यंत आग ओकतो. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ ते ४० अंशांची असते. त्यावर गेला की पंखा किंचाळतो, प्रकाश आपोआप कमी होतो आणि शेवटी मशीन स्वतःच बंद पडतं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर कूलर लावलेल्या खोलीत, टीव्हीवर करा. कूलरची गार हवा प्रोजेक्टरवर सोडू नका, त्यातला ओलावा आत जातो.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि पावणेसातला पडदा दिसण्याइतका अंधार पडतो. त्याच वेळी सुरू करा. सव्वादोन तासांची फिल्म आणि पंधरा मिनिटांची विश्रांती धरली तरी सव्वानऊला मोकळे. हे गणित रात्री दहाच्या नियमासाठी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असतो. दहाच्या आत लावायलाही पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हवी. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो, तिथं हा बेतच आखू नका.

भरिताचं काय? वांगी फिल्मच्या आधी भाजून घ्या, जेवण नंतर ठेवा. पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) जाळ पडद्यापासून निदान वीस मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा. धूर प्रोजेक्टरच्या झोतात आला की काळं चित्र राखाडी दिसतं, आणि काजळी लेन्सवर बसते ती वेगळीच. आधी जेवायला घालण्याचा मोह टाळा. भरीत-पुरी आणि कळण्याची भाकरी पोटात गेलेला माणूस सतरा मिनिटांच्या गाण्यात घोरतो. विश्रांतीत चहा पुरे.

वीज

शेतातल्या लाईटवर भरवसा ठेवू नका. थ्री फेज पाळीनं येते. त्या आठवड्याची पाळी लाईनमनला विचारून घ्या आणि रात्रीची असेल तर उलट जास्त सावध राहा, कारण आजूबाजूच्या मोटारी सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं. तेवढ्या झटक्यानं प्रोजेक्टर बंद होतो. दिव्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही आणि ती पाच मिनिटं फार लांब वाटतात.

भार मोजा. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट, लॅपटॉप ६५. दोन ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरवर हजार-हजार वॅट छापलेलं असलं तरी मध्यम आवाजात दोघं मिळून दीड-दोनशेच घेतात. सबवूफर (फक्त खालच्या आवाजाचा स्पीकर) आला की आणखी शंभर-दीडशे. एकूण सातशेच्या घरात, म्हणजे २ केव्हीएचा जनरेटर निवांत पुरतो. तो तीस मीटर लांब, भिंतीच्या किंवा ट्रॉलीच्या आडोशाला ठेवा. प्रोजेक्टर आणि प्लेअर यूपीएसमधून घ्या, म्हणजे जनरेटर खोकला तरी चित्र जात नाही.

गच्चीवर घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर आधी हिशेब करा. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती साधारण ११०० लागतात. सब नसेल आणि भार ४५० वॅट असेल तर अडीच तासांच्या आतच संपतं, म्हणजे अगदी काठावर. बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर विश्रांतीनंतर अंधार धरून चाला. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर सतत गुणगुणतो.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची आणि सलग. बारीक एक्स्टेन्शन एकात एक जोडून तीस मीटर नेलं की शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि प्लग गरम होतो. ठिबकची ओल असलेल्या वावरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय काहीही चालू करू नका. जोड जमिनीवर टाकू नका, विटेवर ठेवा.

आवाज

इथं वेळ घाला. चाळीस माणसांना मोकळ्या जागेत बारा इंची दोन ॲक्टिव्ह टॉप (मुख्य स्पीकर) स्टँडवर आणि जमलं तर एक सब एवढं भरपूर झालं. साऊंडवाला चार बासचा सेट घेऊन येतो म्हणेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. वरातीचा सेट वरातीसाठीच लावलेला असतो: खालचा आणि वरचा आवाज चढवलेला, मधला खाली दाबलेला. गायकाचा गळा आणि गिटार नेमके त्या मधल्या पट्टीत असतात. बास गिटारची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झला वाजते, पण तिची चाल कानाला कळते ती ८० ते ३०० हर्ट्झमध्ये. पन्नास-साठला बूस्ट दिला की छाती हादरते आणि सूर हरवतो. वॉटर्स स्वतः बास वाजवतो, तेव्हा त्याच्याच फिल्ममध्ये त्याचं वादन ऐकू येऊ नये हे बरं नव्हे. साऊंडवाल्याला तीन गोष्टी सांगा: ईक्यू (खालचा, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करणारी बटणं) सपाट, बास बूस्ट बंद, इको बंद. तिसरी आवर्जून. आदल्या कार्यक्रमाचा इको मिक्सरवर तसाच राहिलेला असतो आणि फिल्मभर गायक विहिरीतून गातो. सब असेल तर क्रॉसओव्हर (सब आणि टॉप यांच्यात आवाज वाटणारी सीमा) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना, सारख्या उंचीवर, मधल्या माणसापासून सारख्या अंतरावर ठेवा. दोघांत चार मीटर अंतर असेल तर बैठकीचा मध्य साधारण चार ते पाच मीटरवर घ्या. ट्वीटर (बॉक्समधला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बसलेल्यांच्या डोक्यांवर हवा, जमिनीपासून १.८ ते २ मीटर, तोंड किंचित खाली. सतरंजीवर बसलेल्या पहिल्या रांगेला छातीच्या उंचीचा बॉक्स फार लागतो आणि मागच्यांना काहीच पोचत नाही.

ब्लूटूथ वापरू नका. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो आणि ड्रमवर काठी पडल्यावर ठोका येतो. एकदा ते लक्षात आलं की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकपासून मिक्सरच्या दोन चॅनेलपर्यंत वायर न्या, एक डावा, एक उजवा. साऊंडवाला एकाच चॅनेलमध्ये पिन घालून मोकळा होतो. तेव्हा अर्धं वाद्यवृंद गायब असतं आणि कोणाला कळतही नाही. वायर लावूनही ओठ आणि आवाज जुळत नसतील तर प्लेअरमधला ऑडिओ डिले बघा. मागच्या रांगेला थोडा उशीर जाणवणारच: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे ३४ मीटरवर दशांश सेकंदाचा फरक. माणसं पंधरा मीटरच्या आत बसवा, की हा प्रश्न राहत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक सराउंडची. डिस्कवर स्टीरिओ आणि सराउंड असे वेगळे ट्रॅक असतात. प्लेअरनं सहा चॅनेल सोडले आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर असले, तर मधल्या चॅनेलमधला गळा जातो कुठे? कुठेच नाही. वाद्यं जोरात, गाणारा शेजारच्या गावात. लोक आवाज वाढवत बसतात. मेनूमध्ये जाऊन स्टीरिओ ट्रॅक निवडा, एवढाच उपाय. स्पीकर खरोखर पाच असतील तर मात्र सराउंड जरूर लावा. श्रोत्यांच्या चारही बाजूंनी आवाज फिरवण्याचा नाद या मंडळींना जुना आहे, पिंक फ्लॉइडनं मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये तो प्रयोग केला होता. घड्याळं, पावलं, विमान हे आवाज त्यासाठीच रचलेले असतात.

तपासणी पाहुणे यायच्या आधी, उजेड असतानाच करा. आधी शांत तुकडा लावा. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे: सगळं एकाच बोर्डवर घ्या, नाहीतर मधे डीआय बॉक्स (गुणगुण तोडणारी छोटी पेटी) लावा. मग गळा एकटा असेल असा तुकडा. तो पडद्याच्या मधोमध यायला हवा. कुठून येतोय ते कळतच नसेल आणि बासही पातळ वाटत असेल, तर एका स्पीकरची वायर उलटी जोडली आहे. शेवटी सगळ्यात दणकेबाज तुकडा लावून मिक्सरवरचा लाल दिवा पेटत नाही ना ते बघा.

किती मोठा लावायचा? मोबाईलवर डेसिबलचं ॲप घ्या, ते अचूक नसलं तरी चालतं. मधल्या माणसाजवळ सरासरी ८० ते ८५ ठेवा. ९४ च्या पुढे तासाभरात कानावर ताण येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. पाच मीटरवर ८५ असेल तर दहावर ७९, वीसवर ७३, चाळीसवर ६७, ऐंशीवर ६१ आणि १६० मीटरवर ५५. म्हणजे सगळ्यात जवळचं घर दीडशे-पावणेदोनशे मीटर लांब असलेलं वावर बघा. स्पीकरचं तोंड गावाकडे नको, केळीच्या बागेकडे ठेवा. गच्चीवर हे गणित बसत नाही, तिथं सब आणूच नका आणि ७० वर समाधान माना.

मंगल कार्यालयाचा हॉल फुकट मिळत असेल तरी दोनदा विचार करा. फरशी, पत्रा आणि रिकाम्या भिंती यांत टाळीसुद्धा दोनदा वाजते. घ्यायचाच असेल तर खाली गाद्या अंथरा, मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा गोधड्या टांगा.

चित्र

तीन मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच पडदा चाळीस जणांना पुरतो. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर साडेचार मीटरवर बसतो. तो पडद्याच्या मध्याशी सरळ ठेवा. तिरपा ठेवून कीस्टोननं (चित्राचा तिरपेपणा काढणाऱ्या सेटिंगनं) चौकोन केला की चित्र मऊ पडतं. प्रकाश ३००० एएनएसआय ल्युमेनचा मागा. ‘एएनएसआय’ हे अक्षर न अक्षर विचारा, कारण स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर छापलेले आकडे वेगळ्याच मापाचे असतात. माणसं दहाच्या आत असतील तर सरळ ५५ इंची टीव्ही लावा, तो स्वस्त प्रोजेक्टरपेक्षा केव्हाही सरस. फक्त सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर स्टेजवरची माणसं मालिकेतल्यासारखी गुळगुळीत हलतात.

पडद्याला चादर नको, प्रकाश आरपार जातो. ब्लॅकआउट कापड उत्तम. नाहीतर न छापलेला पांढरा फ्लेक्स, शक्यतो कमी चकाकणारा. कोणाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटून लावला तर भाऊंचा चेहरा मागून हलका दिसत राहतो. बांबूच्या चौकटीला सगळ्या कड्यांतून लवचिक दोरीनं ताणा, म्हणजे वाऱ्यात पडदा फाटत नाही.

कॉन्सर्ट फिल्म काळोखी असते. अर्धा वेळ पडद्यावर काळा रंग आणि त्यात एक झोत. म्हणून शेतातला एलईडी बल्ब बंद. पौर्णिमेचं चांदणं चालतं, शेजारच्या विहिरीवरचा हॅलोजन चालत नाही. कापूस-केळीच्या शिवारात किडे झोतावर येतात. त्यांच्यासाठी वीस मीटरवर एक पिवळा दिवा आमिष म्हणून लावा. भिजवलेल्या रानात आठनंतर दहिवर पडतं, तेव्हा मिक्सर आणि लॅपटॉपवर छत्री किंवा छोटं छप्पर हवं. हवा जायच्या जाळ्या मात्र झाकू नका.

डिस्क घेताना रीजन (ती जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते) बघा. ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ मध्ये, युरोप ‘बी’ मध्ये, अमेरिका ‘ए’ मध्ये येते. संगीताच्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालणाऱ्या असतात, तरी पाठीवरचं चिन्ह वाचा. फोरके डिस्कला रीजनच नसतो. ऑनलाइन बघणार असाल तर शेतातल्या रेंजवर अवलंबून न राहता ॲपमध्येच आधी डाउनलोड करून ठेवा. मोबाईलची स्क्रीन प्रोजेक्टरवर पाठवली की आवाज येतो आणि चित्र काळं: ही बिघाडाची नव्हे, कॉपी संरक्षणाची खूण. ॲप टीव्ही स्टिकवर चालवा आणि ती थेट प्रोजेक्टरला लावा. साधी एचडीएमआय वायर दहा मीटरपुढे दगा देते, त्याहून लांब हवी तर ऑप्टिकल घ्या. सर्वांत सोपं म्हणजे प्लेअर प्रोजेक्टरजवळ ठेवायचा आणि लांब वायर फक्त आवाजाची न्यायची.

आधी काय ऐकावं

गाणी अनोळखी असली की दौऱ्याची फिल्म नुसती रोषणाई वाटते. बोलावणं पाठवतानाच चार नावं पाठवा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३), ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५), ‘ॲनिमल्स’ (१९७७), ‘द वॉल’ (१९७९). या फिल्ममधली बहुतेक गाणी त्यांतली, उरलेली मुख्यतः वॉटर्सच्या २०१७ च्या अल्बममधली. वेळ नसेल त्यानं पहिला ऐकावा, पाऊण तासाच्या आत संपतो. त्यानंतर ‘ॲनिमल्स’ला प्राधान्य, कारण फिल्मचा उत्तरार्ध त्यावर उभा आहे: प्रेक्षकांच्या डोक्यावर लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या राहतात आणि डुकराचा फुगा तरंगतो. हाच देखावा त्या अल्बमच्या वेष्टनावर आहे. डिसेंबर १९७६ मध्ये फोटोसाठी सोडलेला तो फुगा दोर तोडून उडाला होता. हे आधी सांगितलं तर डुक्कर आल्यावर आत्याबाई दचकत नाहीत.

गाण्यांचा मराठी गोषवारा अर्ध्या पानावर लिहून वाटा. चालू फिल्ममध्ये अर्थ सांगणारा जाणकार मागच्या रांगेत बसवा. युद्ध, निर्वासित, राजकारण्यांची टिंगल असं बरंच काही पडद्यावर येतं, तेव्हा लहान मुलांच्या आईबापांना कल्पना द्या. झगमगत्या दिव्यांनी फिट येणारं कोणी असेल तर त्यांना ही फिल्म दाखवू नये.

विश्रांतीची जागा तयारच आहे. पूर्वार्ध ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ला संपतो, त्यात स्टेजवर मुलं येतात. तिथं थांबवा. त्यानंतरचं ‘डॉग्ज’ सलग पाहायचं असतं; मध्येच चहा फिरवला तर सगळी बैठक हलते. कपबशा वाजणार नाहीत असे कागदी कप घ्या आणि शेव-चिवडा फिल्म संपेपर्यंत डब्यातच राहू द्या.

बघताना नजर एकट्या वॉटर्सवर ठेवू नका. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरनं मूळ गायलेले भाग इथं गिटारवाला जोनाथन विल्सन गातो. ल्युशिअस गटातल्या जेस वुल्फ आणि हॉली लेसिग या दोघी मागून गातात, आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला एका बाईचा शब्दांविना आलाप इथं दोघींनी वाटून घेतलाय. शेवटाकडे लेझरचा त्रिकोण प्रेक्षकांवर उभा राहतो. त्या वेळी प्रोजेक्टरची ब्राइटनेस वाढवायचा मोह होतो. हात लावू नका, काळा रंग गेला की त्रिकोणही गेला.

बंद करताना

नामावली संपेपर्यंत दिवे लावू नका, त्यातही मधूनमधून आवाज येत राहतात. मग आधी स्पीकर बंद, नंतर मिक्सर, शेवटी लॅपटॉप. सुरू करताना नेमकं उलट. हा क्रम चुकला की मोठा ‘धप्प’ होतो आणि एखादा वूफर त्यातच जातो. प्रोजेक्टर रिमोटनं बंद करा, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. जनरेटरवाल्यालाही तोवर हँडल फिरवू देऊ नका, त्याला भरिताचा वास आलेला असतो. वायरी दहिवरानं ओल्या झाल्या असतील तर पुसून, सैल वेटोळी करून पिशवीत भरा आणि दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवा. ओल्याच गुंडाळल्या तर पिना हिरव्या पडतात आणि पुढच्या वेळी खरखर तिथूनच सुरू होते.